तलफ मिनिटांची, चिडचिड आठवड्यांची: सिगारेट सोडताना पहिला महिना कसा काढावा

सिगारेट किंवा विडी सोडायला निघालेल्या माणसाला सुरुवातीच्या दिवसांत दोन वेगळे त्रास होतात, आणि बहुतेकजण ते एकच आहेत असे समजून दोन्हींवर एकच उपाय करत राहतात. पहिला त्रास तलफेचा. ती अचानक उसळते, घशाशी काहीतरी हवेहवेसे होते, हात आपोआप खिशाकडे जातो, आणि सिगारेट ओढली नाही तरी काही मिनिटांत ती ओसरते. दुसरा त्रास मनःस्थितीचा: चिडचिड, अस्वस्थपणा, कारण नसताना वाटणारी उदासी, कामात लक्ष न लागणे, झोपमोड. हा त्रास पावसाळी आभाळासारखा दोन ते चार आठवडे डोक्यावर राहतो आणि मग हळूहळू विरळ होतो. तलफेसाठी पाच मिनिटांचे उपाय पुरतात. मनःस्थितीसाठी महिनाभराची व्यवस्था लावावी लागते.

मी सतरा वर्षे दिवसाला साधारण पंधरा सिगारेटी ओढत होतो आणि कायमची सुटण्याआधी तीन वेळा सोडण्याचा प्रयत्न केला होता. तिन्ही वेळा मी तलफेपुढे हरलो नाही. ती मी दात आवळून काढली होती. प्रत्येक वेळी चौथ्या-पाचव्या दिवशी मला असे वाटू लागले की सिगारेटविना मी मुळातच तिरसट आणि निरुत्साही माणूस आहे, आणि अशा माणसाबरोबर घरच्यांना दिवस काढावे लागण्यापेक्षा मी ओढलेली बरी. तो समज साफ चुकीचा होता, पण तसे सांगणारे तेव्हा कोणी भेटले नाही. म्हणून हे सगळे पहिल्यांदाच सोडू पाहणाऱ्यासाठी, ज्या क्रमाने त्याला त्याची गरज पडेल त्या क्रमाने लिहीत आहे.

आधी कारण समजून घ्या

झुरका घेतल्यावर दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथे डोपामिन हे सुखाची जाणीव देणारे रसायन मोकळे होते. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. वर्षानुवर्षे ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटिन टिपणारे ग्राही नेहमीपेक्षा वाढलेले असतात, आणि ते रिकामे होऊ लागले की माणसाला बेचैनी जाणवते. पुढची सिगारेट ती बेचैनी मिटवते आणि आपण म्हणतो, ‘बरे वाटले, टेन्शन गेले.’ त्या गेलेल्या टेन्शनचा मोठा भाग आधीच्या सिगारेटनेच मागे ठेवलेला असतो, हे एकदा नीट उमगले की पुढचे बरेच काही सोपे होते.

शेवटच्या सिगारेटनंतर काही तासांतच त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सर्वांत तीव्र असतो, पहिल्या आठवड्यानंतर उतरणीला लागतो आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत बराचसा मावळतो. भूक मात्र त्याहून अधिक काळ वाढलेली राहते. मेंदूतले वाढलेले ग्राही न ओढणाऱ्या माणसाच्या पातळीवर यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. सिगारेट सोडून सहा आठवड्यांहून अधिक काळ लोटलेल्या लोकांच्या अभ्यासांत त्यांची उदासी, चिंता आणि ताण हे ओढत असतानाच्या काळापेक्षा कमी झालेले आढळले आहेत. म्हणजे चौथ्या दिवशी आरशात दिसणारा तिरसट माणूस हा तुमचा खरा स्वभाव नसून शरीर पूर्वपदावर येतानाची अवस्था आहे, आणि त्या दिवशी स्वतःविषयी कोणताही निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

सोडण्याआधीचा आठवडा: वही आणि तारीख

सोडण्याची तारीख सात-आठ दिवस पुढची धरा आणि तोपर्यंत नेहमीप्रमाणे ओढत राहून प्रत्येक सिगारेटची नोंद करा. खिशात मावणारी छोटी वही घ्यावी आणि पेटवण्यापूर्वी चार गोष्टी लिहाव्यात: वेळ, जागा, सोबत कोण होते, आणि तलफ शून्य ते दहांपैकी किती होती. पेटवल्यावर लिहायचे ठरवले तर नोंद राहून जाते.

माझ्या वहीतला एक दिवस असा होता. सकाळी ६.१०, गॅलरी, संडासला जाण्यापूर्वी, तलफ नऊ. ७.४०, कंपनीच्या बसची वाट पाहताना, तलफ तीन. ९.३०, गेटबाहेरच्या टपरीवर, कटिंगबरोबर, दोघे सहकारी, तलफ सहा. १.१५, डबा खाल्ल्यावर, तलफ आठ. ३.००, पुन्हा टपरी, तलफ दोन, आणि पुढे लिहिले होते ‘त्याने पुढे केली म्हणून’. आठवड्याच्या शेवटी पाने चाळली तेव्हा लक्षात आले की पंधरांपैकी पाच किंवा सहा सिगारेटींनाच खरी तलफ होती. बाकीच्या सवयीच्या, संगतीच्या आणि रिकाम्या वेळेच्या होत्या. त्या पाच-सहा वेळांसाठी औषध आणि कृती ठरवायची आणि उरलेल्यांसाठी जागा व संगत बदलायची, इतके नियोजन त्या वहीतून आपोआप हाती लागते.

तारीख निवडताना कामाच्या ठिकाणी वर्षअखेरीची धावपळ, घरातले लग्न किंवा मित्रांची सहल नसलेला आठवडा पाहावा, पण फार सोयीच्या मुहूर्ताची वाट पाहत बसू नये. ठरवलेल्या दिवशी एकदम थांबणाऱ्यांना रोज एकेक कमी करत जाणाऱ्यांपेक्षा सहसा अधिक यश मिळते. कमी करत जाताना उरलेली प्रत्येक सिगारेट अधिकच मोलाची वाटू लागते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

आदल्या रात्री घर आणि गाडी झाडून काढा. दुचाकीची डिकी, ऑफिसच्या टेबलाचा खण, हिवाळी जाकिटाचे खिसे, देवघराशेजारची जादा काडेपेटी, ॲशट्रे, लायटर, सगळे बाहेर जाऊ द्या. ‘अडीअडचणीला एक असू दे’ म्हणून ठेवलेली सिगारेट त्या अडचणीची वाटच पाहत असते. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी आणि विड्यांच्या विक्रीवर २०२० पासून बंदी आहे, तरीही टपरीवर एकेक मागणाऱ्याला ती मिळताना दिसते. त्यामुळे घरातले पाकीट फेकणे पुरेसे होत नाही, पहिल्या दोन आठवड्यांपुरता टपरीवरून जाणारा रस्ताही बदलावा लागतो.

औषधाची मदत घेण्यात कमीपणा नाही

आपल्याकडे सिगारेट ‘मनाच्या ताकदीवर’ सोडणे हा पुरुषार्थ समजला जातो आणि औषध घेणाऱ्याला कच्चा मानतात. माझ्या पहिल्या तीन प्रयत्नांचे हेच झाले. ज्या व्यसनाने मेंदूतले ग्राही वाढवले आहेत त्यावर औषध घेणे हे रक्तदाबाची गोळी घेण्याइतकेच साधे आहे. निकोटिनचा च्युइंग गम आणि निकोटिनच्या पट्ट्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००९ पासून आहेत, आणि २०२१ मध्ये तीत व्हरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्यांचीही भर पडली. या दोन गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायच्या असतात आणि त्या सोडण्याच्या तारखेआधी आठवडाभर सुरू कराव्या लागतात, म्हणून डॉक्टरांकडे तारखेच्या आधीच जायला हवे.

तलफ आणि मनःस्थिती हा जो फरक सुरुवातीला सांगितला तो औषधांतही आहे. पट्टी त्वचेवर चिकटवली की दिवसभर निकोटिनचा संथ पुरवठा होतो आणि त्यामुळे पार्श्वभूमीची बेचैनी व चिडचिड दबते. गम अचानक उसळलेल्या तलफेसाठी असतो. जास्त ओढणाऱ्यांना म्हणूनच डॉक्टर दोन्ही एकत्र देतात, आणि एकट्या उपायापेक्षा जोडी अधिक परिणामकारक ठरते. पट्टी रोज वेगळ्या जागी लावावी, आणि रात्री भलती स्पष्ट स्वप्ने पडू लागली तर झोपताना काढून ठेवण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

गम दोन आणि चार मिलिग्रॅमचा मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला सहसा चार मिलिग्रॅमची गरज असते. दोन मिलिग्रॅमचा औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. चार मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांना भेटावे. हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कोणताही गम किंवा पट्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

हा गम नेहमीच्या च्युइंग गमसारखा चघळायचा नसतो, आणि इथेच बहुतेकजण चुकतात. सावकाश दहा-पंधरा वेळा चावावा, तोंडात तिखटसर चव किंवा मुंग्या आल्यासारखे वाटले की थांबावे आणि तो गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावा. चव गेली की पुन्हा थोडा चावावा आणि जागा बदलून ठेवावा. असे अर्धा तास चालू राहते. भराभर चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचकी लागते, छातीत जळजळ होते, आणि तलफ मात्र तशीच राहते. मग माणूस सांगत सुटतो की गमचा उपयोग होत नाही. चहा, कॉफी, लिंबू सरबत यांनी तोंडातले आम्लाचे प्रमाण बदलते आणि निकोटिन गालातून नीट शोषले जात नाही, म्हणून गमपूर्वी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना पाण्याशिवाय काही घेऊ नये. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, आणि पुढे हळूहळू कमी करत तीन महिन्यांच्या सुमारास बंद, असा साधारण क्रम असतो. लोक तो दुसऱ्याच आठवड्यात बरे वाटले म्हणून बंद करतात आणि तिसऱ्या आठवड्यात घसरतात.

तलफ आली की

पहिले काम म्हणजे घड्याळ पाहणे. तलफ कितीही जोराची असली तरी तिचा ऐन भर साधारण तीन ते पाच मिनिटांचा असतो. आत असताना मात्र ती अर्ध्या तासाची वाटते, आणि ती तेवढी नाही याचा पुरावा घड्याळच देते. मी पहिल्या दिवशी सकाळी ९.३० वाजता गेटच्या आत उभा होतो, बाहेर नेहमीचे दोघे पेटवत होते, आणि वाऱ्याने धूर माझ्याकडे येत होता. हातातल्या घड्याळात ९.३१ ला तळहातांना घाम होता. ९.३३ ला पाय बाहेर वळायच्या बेतात होते. ९.३६ ला मी घरून आणलेल्या शेंगदाण्यांतला चौथा की पाचवा दाणा सोलत होतो आणि नजर गेटकडे नव्हती. दुसऱ्या दिवशीही तलफ तितकीच आली, पण आता ती ९.३६ ला उतरते हे मला ठाऊक होते, आणि या ठाऊक असण्याने तिचे निम्मे बळ गेले.

दुसरे काम जागा सोडणे. बसलेले असाल तर उठा, उभे असाल तर चाला. झपाझप दहा मिनिटे चालल्याने तलफ कमी होते, हे प्रयोगांतही दिसले आहे. जिना दोन मजले चढून उतरणे हा कार्यालयात करता येण्याजोगा उपाय आहे.

तिसरे काम श्वासाचे. सिगारेट ओढताना माणूस नकळत दीर्घ श्वास घेतो, थांबतो आणि सावकाश सोडतो. बरे वाटण्यात त्या संथ श्वासाचाही वाटा असतो. तोच श्वास धुराशिवाय घ्या: नाकाने चार अंक मोजेपर्यंत आत, आणि तोंडाने फुंकर घातल्यासारखा सहा ते आठ अंक मोजेपर्यंत बाहेर. दहा वेळा केल्यावर दीड-दोन मिनिटे सहज गेलेली असतात.

शेवटी तोंड आणि हात गुंतवावेत. बडीशेप, लवंग, वेलदोडा, भाजलेला ओवा, गाजराचे किंवा काकडीचे तुकडे, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, यांतले जे आवडेल ते छोट्या डबीत खिशातच असावे, कारण तलफेच्या वेळी दुकानात जायला निघालेला माणूस टपरीवर पोहोचतो. सोलावे लागणारे शेंगदाणे मला सर्वांत उपयोगी पडले. त्यात बोटांनाही काम मिळते. पाणी घोटाघोटाने प्यावे. एवढे करूनही भर ओसरला नाही तर गम आहेच, आणि खिशात तो असल्याची नुसती जाणीवही धीर देते.

वहीतल्या पाच-सहा कठीण वेळांसाठी मात्र तलफ येण्याची वाट पाहू नये. जेवण झाल्याबरोबर उठून दात घासावेत किंवा चूळ भरून चालायला जावे. सकाळच्या संडासचा प्रश्न अनेकांना विचारायची लाज वाटते, म्हणून येथे स्पष्ट सांगतो. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवते, त्यामुळे सोडल्यावर पहिले काही आठवडे बद्धकोष्ठ होणे अपेक्षित आहे. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, रात्रीच्या जेवणात भाजी आणि पपई किंवा पेरू यांसारखे फळ, आणि गरज वाटल्यास रात्री इसबगोल, एवढ्याने बहुतेकांचे भागते. ‘सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही’ या एका कारणाने परत सुरू केलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि ते फार हळहळ वाटण्यासारखे आहे.

चहाचे प्रमाण अर्ध्यावर आणा

ही सूचना फारच थोड्यांना माहीत असते. सिगारेटच्या धुरातील काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा नेहमीपेक्षा वेगाने करते. धूर थांबला की तो वेग काही दिवसांत खाली येतो आणि तितक्याच कप चहा-कॉफीतून रक्तात जवळजवळ दुप्पट कॅफिन साठू लागते. छातीत धडधड, हाताला सूक्ष्म कंप, झोप न लागणे, जिवाची घालमेल: ही कॅफिन जास्त झाल्याची लक्षणे आहेत, आणि ती सिगारेट सोडल्याच्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती आहेत की माणूस सगळा दोष सोडण्याला देतो. सोडण्याच्या तारखेपासून चहा-कॉफी निम्मी करावी, आणि सायंकाळी पाचनंतर घेऊ नये. चहाचा कप आणि सिगारेट यांची जोडी वर्षानुवर्षांची असते, तेव्हा पहिला पंधरवडा चहाऐवजी ताक, लिंबू पाणी किंवा आल्याचे गरम पाणी घेतले तर ती जोडीही सुटते. निदान चहाची जागा बदला: टपरीऐवजी कँटीनमध्ये, उभ्याऐवजी बसून.

हीच बाब काही औषधांनाही लागू आहे. दम्यासाठीचे थिओफिलीन, मानसिक आजारांसाठीची क्लोझापिन व ओलांझापिन यांसारखी औषधे सिगारेट थांबल्यावर रक्तात वाढतात, आणि मधुमेहींची साखर व इन्सुलिनची गरजही बदलू शकते. अशी औषधे चालू असणाऱ्यांनी सोडण्याच्या तारखेआधी आपल्या डॉक्टरांना सांगावे, म्हणजे मात्रा वेळेवर ठरवता येतील.

एक सोडून दुसरे धरू नका

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी फक्त ३.८ टक्के लोक धूम्रपान करतात, पण २४.४ टक्के लोक तंबाखू खातात किंवा दातांना लावतात. याचा अर्थ असा की सिगारेट सोडणाऱ्याच्या आजूबाजूला तळहातावर चुन्याबरोबर मळलेली चिमूट, सकाळची मिश्री, विदर्भातला खर्रा, मावा, गुटखा हे सगळे हाताच्या अंतरावर असते, आणि ‘धूर तर नाही ना’ असे म्हणून ती पुढे करणाराही कोणी आपलाच असतो. त्यातले निकोटिन तेच, व्यसन तेच, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळा. तंबाखू नसलेली साधी सुपारीही कर्करोगाला कारणीभूत ठरलेली आहे, म्हणून बडीशेपेच्या डबीत सुपारीची खांडे मिसळू नयेत. ई-सिगारेटचा विचार मनात आलाच तर तिच्या उत्पादनावर आणि विक्रीवर भारतात २०१९ पासून बंदी आहे.

चिडचिडीची व्यवस्था

आता त्या त्रासाकडे येतो ज्याने मला तीनदा परत नेले. चौथ्या प्रयत्नात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, कुकरची शिट्टी झाली आणि त्याच क्षणी मुलाच्या हातून स्टीलचा पेला फरशीवर पडला. पेला गोल फिरत माझ्या पायाशी येऊन थांबला आणि मी मुलावर असा ओरडलो की तो पेला न उचलताच बाहेर गेला. पत्नीने गॅस बारीक केला आणि अगदी साध्या आवाजात विचारले, “अहो, आज कितवा दिवस?” मी म्हणालो, “तिसरा.” ती म्हणाली, “मग आज असे होणारच. तुम्ही जरा गच्चीत फिरून या, मी त्याच्याशी बोलते.” त्या दिवसापासून ‘कितवा दिवस’ हा आमच्या घरातला ठरलेला प्रश्न झाला. तो विचारला की मी वाद तिथेच सोडून दहा मिनिटे बाहेर जायचे, आणि परत आल्यावर ज्याच्यावर आवाज चढवला त्याची माफी मागायची, एवढे दोनच नियम होते.

तुमच्या घरातही तारखेच्या आधीच असे काही ठरवून ठेवा. घरच्यांना एकत्र बसवून सांगा की पुढचे तीन आठवडे माझा स्वभाव बिघडलेला वाटेल, त्यात सर्वांत वाईट दिवस दुसरा ते पाचवा असतील, आणि त्या काळात कोणी ‘यापेक्षा ओढलेलीच बरी’ असे म्हणू नये. हे वाक्य घरची माणसे वैतागून, कधी कधी मायेनेही बोलतात, आणि सोडणाऱ्याच्या कानाला ते परवानगीसारखे वाटते. आईवडील, पती-पत्नी, मोठी मुले, सगळ्यांना हे आधी माहीत असावे. एकटे राहणाऱ्याने रोज रात्री फोन करता येईल असा एक मित्र ठरवून ठेवावा.

पहिल्या दोन आठवड्यांत मोठे निर्णय टाळावेत. राजीनामा, भावाशी वाटणीचे बोलणे, शेजाऱ्याशी पार्किंगचा वाद, वरिष्ठांना लांबलचक ईमेल, हे सगळे थांबू शकते. लक्ष लागत नाही असे वाटल्यास कामाचे पंचवीस-तीस मिनिटांचे तुकडे करावेत आणि पूर्वी सिगारेटसाठी उठत होतात त्या वेळी उठावेच, फक्त दिशा वेगळी असावी. ‘ब्रेक’ तुमचा हक्काचा होता, तो सिगारेटबरोबर सोडून देऊ नका; तो गेला की काम खरोखरच अंगावर येते.

झोपेचा त्रास पहिल्या एक-दोन आठवड्यांत बहुतेकांना होतो. चहा निम्मा केला असेल तर तो पुष्कळ कमी राहतो. स्वप्नात आपण सिगारेट ओढली आणि दचकून अपराधी मनाने जाग आली, असेही घडते. ते अगदी सर्वसाधारण आहे, त्याचा अर्थ निश्चय ढळला असा घेऊ नये. खोकला काही दिवस वाढला तरी घाबरू नये, कारण श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा काम करू लागले की साठलेला कफ बाहेर येतो. मात्र कफात रक्त दिसले, छातीत दुखले किंवा धाप लागू लागली तर डॉक्टरांकडे जावे. वजन पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलोंनी वाढते, कारण निकोटिन भूक दाबत असते. पहिल्या महिन्यात वजनाचा विचारच करू नये, फक्त गोड आणि तळलेले हाताशी ठेवू नये. उपाशी राहून एकाच वेळी दोन लढाया केल्या तर दोन्ही हातच्या जातात.

उदासी हा वेगळ्या काळजीचा विषय आहे. काहीतरी गमावल्यासारखे वाटणे, संध्याकाळी पोकळी जाणवणे, डोळ्यांत पाणी येणे हे पहिल्या पंधरवड्यात होऊ शकते, विशेषतः ज्यांनी एकटेपणात सिगारेटचीच सोबत केली त्यांना. रोज अर्धा तास चालणे, उन्हात बसणे, कोणाशी तरी प्रत्यक्ष बोलणे याने ती सावरते. पण उदासी दोन आठवड्यांनंतरही कमी होत नसेल तर डॉक्टरांना भेटावे, आणि कशातच रस वाटेनासा झाला असेल, किंवा जीव नकोसा वाटण्याचे विचार येऊ लागले असतील, तर दोन आठवडे पूर्ण होण्याचीही वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक याचसाठी आहे. पूर्वी नैराश्याचा आजार होऊन गेलेल्यांनीही सिगारेट सोडावीच, फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर आहे. ती २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली आणि पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासह इतर केंद्रांतूनही चालू झाली. हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, आणि आपण तो वर्षानुवर्षे न वाचता फेकत असतो. पहिला फोन तारखेच्या आधी करावा, कारण तेथे समुपदेशक तुमच्याशी तारीख ठरवतात आणि नंतर पाठपुरावाही करतात.

एखादी ओढली गेली तर

ओढली गेली तर ती तेथेच विझवा, पाकीट हातात असेल तर पाण्याखाली धरा आणि फेका, आणि वही काढून लिहा: किती वाजता, कुठे, कोणाबरोबर, आदल्या तासाभरात काय घडले. ‘आता मोडलेच, तर आजचा दिवस ओढू आणि सोमवारपासून पुन्हा’ हा विचार त्या एका सिगारेटपेक्षा कितीतरी जास्त घातक आहे. गम किंवा पट्टी चालू असेल तर ती चालूच ठेवावी आणि डॉक्टरांना किंवा मदतवाहिनीला कळवावे. घरच्यांपासून लपवू नये. लपवलेली पहिली सिगारेट दुसरीला वाट करून देते, आणि मग खोकल्याचेही कारण शोधावे लागते.

पहिल्या महिन्यानंतर

तलफा विरळ होतात, पण बेसावध गाठतात. माझी शेवटची मोठी तलफ आठव्या महिन्यात, एका नातलगाच्या दहाव्याला नदीकाठी आली, जेथे सगळे चुलतभाऊ बाजूला जाऊन ओढत होते आणि बोलायला दुसरे काहीच नव्हते. लग्नाची वरात, मित्रांबरोबरची कोकणातली किंवा गोव्यातली सहल, रात्रपाळी, परीक्षेचा निकाल, आणि सर्वांत जास्त म्हणजे दारूची बैठक, या जागा आधीच ओळखून ठेवा. पहिले दोन-तीन महिने दारू पूर्ण टाळलेली चांगली, कारण दुसऱ्या पेल्यानंतर वहीतले काहीही आठवत नाही. जेथे जाणे टाळता येत नाही तेथे गम आणि बडीशेपेची डबी घेऊन जावे, धूर नसलेल्या बाजूला, शक्यतो लहान मुले आणि वडीलधारी मंडळी बसतात तेथे बसावे, आणि कोणी पाकीट पुढे केले तर ‘सोडली आहे’ असे न म्हणता ‘मी ओढत नाही’ असे म्हणावे. ‘सोडली आहे’ म्हटले की समोरचा कधी, कशी आणि एकाने काय होते हे विचारू लागतो. ‘ओढत नाही’ म्हटले की तो पाकीट पुढच्या माणसाकडे सरकवतो.